परदेशातल्या युद्धाला विरोध: मोर्च्याच्या आधीची आणि नंतरची कामं

१ मार्च २००३ रोजी तुर्कस्तानच्या संसदेत एक ठराव मताला आला. अमेरिकी सैन्याला तुर्की भूमीवरून उत्तर इराकमध्ये उतरू द्यायचं का, हा प्रश्न होता. बाजूने २६४ मतं पडली, विरोधात २५०, आणि १९ जण तटस्थ राहिले. बाजूची मतं जास्त असूनही ठराव पडला, कारण हजर ५३३ सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे २६७ मतं लागणार होती. सत्ताधारी पक्षाकडे साडेतीनशेहून जास्त जागा होत्या, तरी तीन मतं कमी पडली. संसद बंद दरवाज्याआड बसली होती आणि त्याच दिवशी अंकाराच्या रस्त्यावर युद्धविरोधी मोर्चा होता.

त्याआधी दोन आठवडे, १५ फेब्रुवारीला, लंडनमध्ये याहून कितीतरी मोठा, दहा लाखांच्या घरातला मोर्चा झाला होता. १८ मार्चला ब्रिटिश संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. तोवर चाळीस हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक आखातात पोचलेले होते.

दोन्हीकडच्या निकालामागे कारणं अनेक आहेत. पण विरोध उभा करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. गर्दी किती, यापेक्षा ती कोणत्या निर्णयावर आणि कोणत्या दिवशी पडते हे जास्त महत्त्वाचं असतं. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

आपला देश नेमका कुठे गुंतला आहे ते शोधा

युद्धात सहभागी होणं म्हणजे फक्त सैनिक पाठवणं नव्हे. प्रशिक्षक पाठवणं, शस्त्रं विकणं, सुटे भाग पुरवणं, आपल्या तळावर परकी विमानं उतरू देणं, हवाई हद्द मोकळी करणं, हवेत इंधन भरून देणं, गुप्त माहिती देणं, कर्ज किंवा रोख मदत देणं हे सगळे सहभागाचेच प्रकार. प्रत्येकाचा निर्णय वेगळ्या खात्यात, वेगळ्या कायद्याखाली होतो. सगळ्यांविरुद्ध एकदम ओरडलं की कुठल्याच टेबलावर ते नीट पोचत नाही.

एक पानी टिपण तयार करा. प्रत्येक प्रकारासमोर चार रकाने ठेवा: काय दिलं जातंय, परवानगी कोणी दिली, ती कधीपर्यंत आहे, आणि खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो. माहिती राजपत्रात, अर्थसंकल्पात, पुरवणी मागण्यांत, संसदेतल्या प्रश्नोत्तरांत आणि शस्त्रनिर्यातीच्या वार्षिक अहवालात सापडते. देश स्वतः काय पाठवल्याचं सांगतो ते संयुक्त राष्ट्रांच्या पारंपरिक शस्त्रांच्या नोंदवहीत पाहायला मिळतं. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची शस्त्रव्यवहारांची माहिती १९५० पासूनची आहे आणि ती मोफत बघता येते. माहिती अधिकाराचा कायदा असेल तर अर्ज आजच टाका. संरक्षणाच्या नावाखाली निम्मी उत्तरं नाकारली जातील, पण नकाराचा कागदही पुढे अपिलात आणि पत्रकारांसमोर उपयोगी पडतो.

ज्या ओळीला कागदाचा आधार नाही ती टिपणात घेऊ नका. 'आपले कमांडो तिथे आधीच आहेत' अशी ऐकीव गोष्ट पत्रकात छापली आणि ती खोटी निघाली, तर पुढचे सहा महिने मंत्री तेवढ्या एका ओळीवर बोलत राहतात. तुमची उरलेली खरी माहिती मग कोणी वाचत नाही.

निर्णय कोणाच्या हातात आहे आणि घड्याळ कुठे आहे

देशागणिक पद्धत वेगळी. जर्मनीत घटनात्मक न्यायालयाच्या १२ जुलै १९९४ च्या निकालापासून सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायला संसदेची संमती लागते. २००५ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. ही संमती ठरावीक मुदतीची असते, त्यामुळे ती पुन्हा मताला येते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला (सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून तिथली संसद) कळवायचं आणि संमती नसेल तर ६० दिवसांत सैन्य काढायचं. माघारीसाठी आणखी ३० दिवस मिळतात. फ्रान्समध्ये २००८ च्या घटनादुरुस्तीनंतर तीन दिवसांत संसदेला माहिती आणि चार महिन्यांपुढे जायचं तर संमती, असा नियम आहे. ब्रिटनमध्ये कायदा नाही, संसदेत आधी चर्चा घेण्याचा, २००३ नंतर पडलेला संकेत आहे. भारतासारख्या देशांत निर्णय मंत्रिमंडळाचा असतो, संसदेची पूर्वसंमती घटनेने बंधनकारक केलेली नाही.

मतदानच होत नसेल तर दाबाची जागा बदलते: आघाडीतले छोटे पक्ष, परराष्ट्र आणि संरक्षण विषयक संसदीय समित्या, आणि पैसा. नेदरलँड्समध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये मजूर पक्षाने अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतातली मोहीम लांबवायला नकार दिला. त्यावर सरकार पडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून डच सैन्य तिथून निघालं. एका भागीदार पक्षाला आपल्या मतदारांना दिलेला शब्द मोडणं जड गेलं, एवढ्यावर ते घडलं.

पैशाचा रस्ता हळू असतो पण पक्का. व्हिएतनाम युद्धाला अधिकार देणारा १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा आणि प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० असा मंजूर झाला होता. त्याच काँग्रेसने १९७३ मध्ये १५ ऑगस्टनंतर इंडोचायनातल्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) लष्करी कारवाईला पैसा द्यायचा नाही, असा कायदा केला. मध्ये नऊ वर्षं गेली. म्हणून अर्थसंकल्पाच्या तारखा पहिल्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर असू द्या.

तारीख कळली की मागे मोजत या. मतदान किंवा मुदतवाढ ज्या दिवशी आहे त्याच्या आठ ते दहा आठवडे आधी टिपण आणि मागणी तयार हवी. सहा आठवडे आधीपासून लोकप्रतिनिधींच्या भेटी. चार आठवडे आधी गावोगावच्या सभा. मोठा मोर्चा मतदानाच्या आधीच्या दोन-चार दिवसांत किंवा त्याच दिवशी. महिनाभर आधी ताकद दाखवून मोकळं झालात, तर उरलेल्या महिन्यात सरकार बिचकणाऱ्या सदस्यांना एकेक करून समजावत बसतं. आणि सैन्य निघण्याच्या आधी मत मागा. जहाजं निघून गेल्यावर 'आता आपल्या जवानांच्या पाठीशी उभं राहा' हे एकच वाक्य सभागृह फिरवायला पुरतं.

मागणीचं वाक्य

इथे घाई करू नका. विरोध करणाऱ्यांच्या कृती समितीची पहिली पूर्ण बैठक यावरच खर्च झाली तरी चालेल.

'युद्ध थांबवा' ही घोषणा झाली. ज्याच्याकडे निवेदन द्यायचं त्याच्या हातात ते युद्ध थांबवणं नसतं, त्यामुळे तो मान हलवून मोकळा होतो. मागणीत चार गोष्टी लागतात: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि ते झालं की नाही हे दुसऱ्या दिवशी एखाद्या वार्ताहराला कसं तपासता येईल. उदाहरणार्थ: 'संसदेत मतदान झाल्याशिवाय सरकारने एकही तुकडी त्या देशात पाठवू नये आणि सध्याच्या प्रशिक्षण पथकाची मुदत ३० जूनच्या पुढे वाढवू नये.' यातला प्रत्येक शब्द पकडता येतो.

येमेनच्या युद्धात अमेरिकी विरोधकांनी आपल्या सरकारच्या सहभागाचे तुकडे पाडले. सौदी युतीच्या विमानांना हवेत इंधन भरून देणं हा त्यातला एक तुकडा. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते बंद झालं. पुढे १३ मार्च २०१९ रोजी सिनेटने ५४ विरुद्ध ४६ मतांनी आणि एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी सहभाग थांबवण्याचा ठराव केला. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि ठराव कायदा झाला नाही. म्हणजे सगळं मिळालं नाही, पण बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना मिळणारं इंधन थांबलं. अरुंद मागणीचा उपयोग तो हाच.

अशी मागणी ठेवली की समितीतले काही जण म्हणतील, तुम्ही तडजोड केलीत, सगळं युद्धच चुकीचं आहे. त्यांचं म्हणणं मनापासूनचं असतं, त्यांना गप्प बसवू नका. तोडगा साधा आहे: फलकावर आणि भाषणात व्यापक घोषणा, निवेदनात मात्र फक्त ठरलेलं वाक्य.

अटीची मागणी करताना पुढचा विचार करा. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं होतं. १४ जुलैला भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने पाठवता येणार नाही, असं जाहीर केलं. अशी अट सरकारला सन्मानाने मागे फिरायची वाट देते, म्हणून ती चालते. पण तोच आदेश उद्या आला तर तुमची भूमिका काय, हे समितीने आधी लेखी ठरवून ठेवलं पाहिजे. नाहीतर ऐन वेळी अर्धी समिती एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे होते.

कृती समिती: कोण, आणि कशावर एकमत

कामगार संघटना, विद्यार्थी, धर्मसंस्था, महिला संघटना, माजी सैनिक, डॉक्टर, ज्या देशात युद्ध आहे तिथून आलेले लोक, आणि सरकारी पक्षातले असंतुष्ट. शेवटचे मिळवायला सगळ्यात अवघड आणि मतदानाच्या दिवशी सगळ्यात उपयोगी.

किमान कार्यक्रम एका पानात मावला पाहिजे. मागणी, अहिंसेची शिस्त, आणि कुठल्याही बाजूने मारलेल्या सामान्य माणसांबद्दल एकच भूमिका. हे तिसरं कलम वगळलं तर समिती फार काळ टिकत नाही. समोरच्या हुकूमशहाचे अत्याचार लपवून केलेला विरोध लोकांना पहिल्या आठवड्यात कळतो, आणि त्या देशातून पळून आलेली माणसं तुमच्या सभेतून उठून जातात. त्यांचं उठणं योग्यच असतं. बाकी समाजवाद, राष्ट्रवाद, परराष्ट्र धोरणाची दिशा यावर एकमत करायचा प्रयत्नच नको.

घटक संघटनांनी स्वतःचे वेगळे कार्यक्रम खुशाल करावेत, पण समितीच्या नावाने नाही आणि समितीच्या कार्यक्रमाच्या वेळेत नाही. निमंत्रक दोन असावेत, वेगवेगळ्या संघटनांतले. निर्णय सहमतीने घ्या. तासाभरात सहमती झाली नाही तर तीन चतुर्थांश मतांनी. प्रवक्ते तीनच, आणि त्यांनाच माइक.

पैशाचा हिशेब दर महिन्याला जाहीर करा. परकीय पैशाचा आरोप येतोच, त्याला छापील हिशेबासारखं उत्तर नाही. सगळा निधी एका मोठ्या दिवसावर उडवू नका. १५ ऑक्टोबर १९६९ चा व्हिएतनाम मोरेटोरियम, म्हणजे रोजची कामं थांबवून केलेला युद्धाचा निषेध, अमेरिकेतल्या शेकडो गावांत एकाच दिवशी पाळला गेला: काळ्या फिती, चर्चमध्ये मृतांच्या नावांचं वाचन, कॉलेजांत वर्ग बंद. तो घडवणाऱ्या समितीने एप्रिल १९७० मध्ये काम थांबवलं. ३० एप्रिलला अमेरिकी सैन्य कंबोडियात शिरल्याची घोषणा झाली, तेव्हा ही समिती उरली नव्हती. जमलेल्या पैशातला निदान तिसरा हिस्सा 'पुढच्या अचानक दिवसासाठी' राखून ठेवा.

लोकप्रतिनिधीची पंधरा मिनिटं

सभागृहातल्या सगळ्या सदस्यांची यादी करा आणि पाच गट पाडा: पक्के विरोधक, विरोधाकडे झुकलेले, काठावरचे, युद्धाकडे झुकलेले, पक्के समर्थक. तुमचा तीन चतुर्थांश वेळ मधल्या तीन गटांवर जायला हवा. पक्क्या समर्थकाच्या घरासमोर धरणं धरल्याने बातमी होते, मत बदलत नाही.

शिष्टमंडळ चार-पाच जणांचं. सगळे त्याच मतदारसंघातले. एक माजी सैनिक किंवा सैनिकाच्या घरचा माणूस, एक त्या भागात ओळखीचा डॉक्टर, शिक्षक किंवा व्यापारी, शक्य असेल तर त्याच पक्षाचा जुना कार्यकर्ता, आणि एक फक्त नोंदी घेणारा. नोंदी घेणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

पहिली दोन मिनिटं ओळख, पुढची तीन मिनिटं मागणी. एक पान हातात द्या. दहा पानी निवेदन कोणी वाचत नाही. मग थेट विचारा: 'मतदानाच्या दिवशी तुम्ही काय करणार आहात?' विचारल्यावर थांबा. शांतता अवघड वाटली तरी ती आपण मोडायची नाही. बहुतेक शिष्टमंडळं इथेच घोळ घालतात: उत्तर यायच्या आत कोणीतरी युद्धाचा इतिहास सुरू करतं आणि समोरचा सुटतो.

'पक्ष ठरवेल' असं उत्तर आलं तर विचारा, पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय मांडणार? पक्षादेश असेल तर विरोधात मत देणं त्याला महाग पडतं, पण गैरहजर राहणं किंवा तटस्थ राहणं जमू शकतं. तुर्कस्तानातले ते १९ तटस्थ आठवा. बहुमत हजर सदस्यांवर मोजलं जातं की टाकलेल्या मतांवर, हे नियमावलीत आधी पाहून घ्या. त्यावरून तुम्ही त्याला गैरहजर राहा म्हणायचं की आत बसून तटस्थ राहा म्हणायचं, हे ठरतं.

भेटीनंतर २४ तासांत आभाराचं पत्र पाठवा आणि त्यात तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. चूक असेल तर तो दुरुस्त करील, नसेल तर ती नोंद झाली. आतून मदत करणाऱ्याचं जाहीर कौतुक मात्र करू नका, त्याने ते मागितल्याशिवाय.

एकाच मजकुराच्या हजार ईमेलपेक्षा स्वतःच्या शब्दांत लिहिलेली तीस पत्रं वजनदार ठरतात. कार्यालयातले लोक सारखे मजकूर एकाच गठ्ठ्यात टाकून एक आकडा लिहून ठेवतात.

हरलेलं मतदानही फुकट जात नाही. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये युद्धाचं समर्थन सिद्ध झालेलं नाही असं म्हणणाऱ्या दुरुस्तीला २१७ मतं मिळाली, त्यात सत्ताधारी मजूर पक्षाचे १३९ सदस्य होते. दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१३ रोजी, सीरियावरच्या लष्करी कारवाईचा सरकारी ठराव २८५ विरुद्ध २७२ असा पडला. त्या सभागृहात इराकची आठवण बसलेली होती.

सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं

सर्वांत नेहमीचा आरोप: तुम्ही जवानांचा अपमान करता. याला भाषणाने उत्तर देता येत नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या आया पहिल्या रांगेत असतील तरच तो आरोप गळून पडतो. ऑस्ट्रेलियात १९६५ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध 'सेव्ह अवर सन्स' नावाने आयांनीच संघटना काढली. अमेरिकेत एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आपली पदकं कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, पायऱ्यांकडे भिरकावली, तेव्हा त्यांना देशभक्ती शिकवणं अवघड झालं.

त्याआधी नोव्हेंबर १९६९ मध्ये वॉशिंग्टनला झालेली मृतांच्या नावांची पदयात्रा अजूनही अभ्यासण्यासारखी आहे. चाळीस हजारांच्या आसपास माणसं आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीपासून एकेरी रांगेत निघाली. प्रत्येकाच्या गळ्यात एका मृत अमेरिकी सैनिकाच्या किंवा उद्ध्वस्त झालेल्या व्हिएतनामी गावाच्या नावाची पाटी. व्हाइट हाऊससमोर आलं की ते एक नाव मोठ्याने उच्चारायचं, पुढे चालायचं आणि कॅपिटॉलजवळ ठेवलेल्या शवपेटीत पाटी टाकायची. दीड दिवसाहून जास्त वेळ, रात्रीसुद्धा, ही रांग चालत राहिली. घोषणा नाहीत, धक्काबुक्की नाही. कुठल्याही आकाराच्या गावात हे करता येतं. शंभर माणसं आणि शंभर पाट्या पुरतात.

पथ्यं दोन. मृत सैनिकाचं नाव किंवा फोटो घरच्यांच्या लेखी होकाराशिवाय वापरू नका. त्यांनी नाही म्हटलं तर पुन्हा विचारू नका. आणि सेवेतल्या सैनिकाला आदेश मोडायला सांगू नका. बहुतेक देशांत तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा त्या पोराला होते. त्याला हवी असेल तर लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलाची भेट घालून द्या.

लोकांना समजावणं

मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातले काही प्राध्यापक व्हिएतनामच्या निषेधार्थ एक दिवस वर्ग बंद ठेवणार होते. त्यावर टीका झाली. मग त्यांनी उलट केलं: २४ मार्चच्या रात्रभर वर्ग घेतले, युद्धावर. तीन हजारांच्या आसपास लोक आले. काम बंद करण्यापेक्षा जास्त काम करणं लोकांच्या गळी लवकर उतरतं.

तुमची सभा अशी आखा: एकूण अडीच-तीन तास, वक्ते जास्तीत जास्त चार, प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि निम्मा वेळ प्रश्नांना. सरकारची बाजू मांडणाऱ्याला बोलवा. तो आला नाही तर त्याचे सर्वांत चांगले मुद्दे तुमच्यातल्याच एकाने प्रामाणिकपणे मांडावेत.

सगळ्यात कठीण प्रश्न हा असतो: 'तिथे माणसं मारली जातायत, आपण बघत बसायचं का?' याला टाळाटाळ करणारा वक्ता सभा घालवतो. आधी मान्य करा की मारली जातायत. मग तीन गोष्टी ठोस सांगा: आपलं सैन्य गेल्याने ते थांबेल असं सरकारने कशाच्या आधारावर म्हटलंय, परतीची अट काय ठरली आहे, आणि सैन्याशिवाय देश काय करू शकतो. मध्यस्थी, निर्वासितांना जागा, औषधं आणि अन्न, शस्त्रबंदी, युद्धगुन्ह्यांचे पुरावे जमवायला मदत. हे पर्याय पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेले हवेत. पर्याय नसलेल्या विरोधाला लोक उदासीनता समजतात.

मृतांचे आकडे तीन जातींचे असतात: सैनिकांचे मृत्यू, नावानिशी किंवा बातमीनिशी नोंदलेले नागरी मृत्यू, आणि सर्वेक्षणावरून काढलेला जादा मृत्यूंचा (युद्ध नसतं तर झाले नसते अशा मृत्यूंचा) अंदाज. ते कधीही एकत्र मिसळू नका. इराकबाबत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणाचा अंदाज सुमारे ६,५५,००० जादा मृत्यूंचा होता, तर नोंदी मोजणाऱ्यांचा त्या वेळचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास. दोन्ही वेगळं मोजत होते. कोणता आकडा आणि कशाचा, हे त्याच वाक्यात सांगा.

मोर्च्याचा दिवस

मार्ग तीन-चार किलोमीटरचा पुरे. मोठी गर्दी तासाला दोन-अडीच किलोमीटर चालते, त्यामुळे टोक पोचलं तरी शेपूट निघालेलं नसतं; शेवटच्या मैदानात आधी आलेल्यांसाठी काहीतरी चालू हवं. पुढे चाकाच्या खुर्च्या, म्हातारी माणसं, मुलं घेतलेले पालक. वेग त्यांचा. तरुणांचा घोळका पुढे ठेवला की मोर्चा पहिल्या पाऊण तासात तुटतो.

दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, ओळखू येणाऱ्या जाकिटात, आदल्या दिवशी तासभर सराव झालेला. कोणी दगड उचलला किंवा तोंड बांधलेली टोळी शिरली तर करायचं काय, हे ठरलेलं असावं: आजूबाजूचे सगळे खाली बसतात, उभा राहतो तो एकटा पडतो आणि कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो. ८ मे १९७० रोजी मेलबर्नमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्च्यात हिंसाचार होणार असं आधी बरंच बोललं गेलं होतं. प्रत्यक्षात सत्तर हजार ते लाखभर लोक रस्त्यावर शांतपणे बसले आणि भाकितं करणारे तोंडघशी पडले.

झेंड्यांचा निर्णय आधी घ्या आणि प्रवेशापाशीच पाळा. युद्धातल्या कुठल्याच लष्कराचा किंवा सशस्त्र गटाचा झेंडा नको. १९७२ मध्ये अमेरिकी अभिनेत्री जेन फोंडा उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत, विमानविरोधी तोफेवर बसल्याचा फोटो निघाला. तिने पुढे माफी मागितली, पण युद्धविरोधकांना झोडपायला तो फोटो अनेक दशकं वापरला गेला. तुमच्या लाख माणसांतला एक चुकीचा झेंडा दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर असतो.

आकडा स्वतः मोजा. चालत्या मोर्च्यासाठी एका पुलावर किंवा गच्चीवर दोन जोड्या बसवा, दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मोजा आणि पाचने गुणा. थांबलेल्या सभेसाठी क्षेत्रफळ काढा. सैल गर्दीत साधारण चौरस मीटरला एक माणूस, दाट गर्दीत दोन ते अडीच. १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद मैदान सैल भरलं तर सहा हजार, दाट भरलं तर पंधरा हजारांपर्यंत. चौरस मीटरला चारच्या वर गेलं तर चेंगराचेंगरीचा धोका, लगेच बाजू मोकळ्या करा. पंधरा हजारांना पन्नास हजार म्हटलं की पोलिसांचा आठ हजारांचा आकडा खरा वाटू लागतो.

संसदेबाहेरच्या वाटा

मे २०१९ मध्ये इटलीतल्या जिनोआ बंदरावर गोदी कामगारांनी लष्करी वापराचे जनरेटर सौदी जहाजावर चढवायला नकार दिला आणि जहाज ते न घेताच गेलं. अशा कृतीआधी संघटनेचा ठराव आणि कामगार कायद्याचा वकील दोन्ही हवेत. उत्साहाच्या भरात दोघा-चौघांनी केलं तर नोकरी जाते आणि माल दुसऱ्या पाळीत चढतो. जून २०१९ मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने सौदी अरेबियाला शस्त्रं विकण्याचे परवाने देताना येमेनमधल्या युद्धनियमांच्या आधीच्या उल्लंघनांचा विचारच केला नाही, म्हणून ती प्रक्रिया बेकायदा ठरवली. नवे परवाने वर्षभर थांबले, मग सरकारने पुन्हा आढावा घेऊन सुरू केले. न्यायालय प्रक्रियेतली चूक पकडतं, धोरण ठरवत नाही, एवढं समजून तिकडे जा. २०१४ पासून लागू असलेल्या शस्त्रव्यापार करारात तुमचा देश सामील असेल तर त्याचं सातवं कलम वाचा; निर्यातीआधी धोका तपासणं त्यात बंधनकारक आहे.

जिथे विरोध हाच गुन्हा आहे, तिथे वरचं बरंचसं लागू होत नाही. २५ ऑगस्ट १९६८ रोजी चेकोस्लोव्हाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणाविरुद्ध मॉस्कोच्या लाल चौकात आठ जण फलक घेऊन बसले आणि काही मिनिटांत पकडले गेले. रशियात ४ मार्च २०२२ च्या कायद्याने लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्याबद्दल पंधरा वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. अशा ठिकाणी सदस्यांच्या याद्या करू नका, दुसऱ्याच्या वतीने धोका पत्करू नका. भरतीला आलेल्या मुलांना कायदेशीर सूट आणि पर्यायी सेवेची माहिती देणं, अटक झालेल्यांच्या घरी पैसे आणि वकील पोचवणं, ही कामं आधी.

मतदान हरल्यावर

सैन्य गेलं तर त्याच आठवड्यात समितीची बैठक घ्या. दोन-तीन दिवस निराशेचे जातील, तेवढे जाऊ द्या. मग मागणीचं वाक्य नव्याने लिहा: मोहिमेची व्याप्ती वाढवू नये, परतीची तारीख जाहीर करावी, मृत आणि जखमी सैनिकांचे तसंच नागरिकांचे आकडे दर महिन्याला संसदेत ठेवावेत. पुढची मुदतवाढ कधी आहे ती तारीख कॅलेंडरवर लाल करा आणि पुन्हा मागे मोजत या.

चौकशीची मागणीही आत्ताच नोंदवा. नेदरलँड्समधल्या चौकशी समितीने जानेवारी २०१० मध्ये इराकवरच्या हल्ल्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता, असा निष्कर्ष दिला. ब्रिटनमधली इराक युद्धाबद्दलची चिलकॉट चौकशी २००९ मध्ये सुरू होऊन ६ जुलै २०१६ रोजी तिचा अहवाल आला. एवढ्या वर्षांनी मंत्री 'तेव्हा असं कोणी म्हटलंच नव्हतं' म्हणू शकतात. म्हणून प्रत्येक सदस्याचं मत, प्रत्येक मंत्र्याचं सभागृहातलं विधान, तुम्ही दिलेलं प्रत्येक निवेदन आणि त्याची पोच, तारीख घालून जपा. संकेतस्थळावरची विधानं गायब होतात, तेव्हा पान छापून किंवा पीडीएफ करून ठेवा. तीन प्रती करा: एक समितीकडे, एक वकिलाकडे, एक एखाद्या ग्रंथालयात. पुढचं युद्ध आलं की पहिल्या भेटीला जाताना हीच फाइल हातात घ्या आणि त्या प्रतिनिधीला त्याचं जुनं वाक्य वाचून दाखवा.